दणकेमामांचं चाक

दणकेमामांची आणि माझी पहिली भेट झाली ती एका पान्यामार्फत. पाना आधी आला, मामा नंतर.

कागद कारखान्यात मला प्रथमोपचाराचं काम मिळालं होतं. सगळ्या खात्यांत औषधाच्या लाकडी पेट्या टांगायच्या, आणि कोणी कापला, भाजला, चेपला की धावत जायचं. पहिल्याच दिवशी वीजघराची पेटी बगलेत मारून मी आत शिरलो. समोर मारुतीच्या देवळातल्या मूर्तीला पाठमोरं उभं करावं असा एक माणूस लोखंडी चाक धरून उभा होता. मी अगदी मऊ आवाजात विचारलं, "मामा, पेटीला खिळा कुठे ठोकू?"

त्यानंतर जे झालं ते मी शपथेवर सांगतो, आणि ऐकणारे ते शपथेवर नाकारतात. एक भला थोरला पाना माझ्या उजव्या कानाला वारा घालत गेला आणि मागच्या भिंतीत दांड्यापर्यंत घुसला. भिंत विटांची होती. प्लास्टर पडलं, छतावरची कबुतरं उठली, कारखान्याचा भोंगा वेळ नसताना वाजला असंही मला आठवतं. मामांनी मान वळवली नाही. म्हणाले, "तिथे."

पेटी त्या पान्यावरच टांगली. पुढे वर्षानुवर्षं ती तिथेच होती, आणि दुसऱ्या कुठल्याही पेटीतलं टिंक्चर इतक्या लवकर संपत नसे.

माझा गुन्हा काय होता ते बऱ्याच दिवसांनी कळलं. माझी सावली मीटरवर पडली होती.

आता या मीटरबद्दल सांगायला हवं, कारण मामांचं सगळं आयुष्य त्याच्या काट्यावर होतं. आमचा कारखाना स्वतःची वीज स्वतः बनवायचा. वाफेवर फिरणारा मोठा जनरेटर होता. त्याच्या पोटात जे फिरतं ते नुसतं लोखंड आणि तांबं. त्याला चुंबक करायला वेगळी वीज द्यावी लागते. ती द्यायला त्याच आसाच्या टोकाला एक छोटा डायनामो बसवलेला होता, त्याला एक्सायटर म्हणतात. एक्सायटरची वीज जास्त सोडली की चुंबक जोर धरतो आणि व्होल्टेज चढतं. कमी सोडली की पडतं. जास्त-कमी करायचं ते मामांच्या हातातल्या चाकानं. कुठे लगद्याची मोठी मोटर सुरू झाली की सगळ्या कारखान्याचं व्होल्टेज खाली बसू लागे. मामा चाक थोडं उजवीकडे देत. मोटर बंद झाली की ते उसळी घेई. मामा चाक डावीकडे घेत. मीटरवर चारशे चाळीसच्या आकड्याशी त्यांनी लाल रंगाची रेघ ओढली होती. काटा त्या रेघेवर राहिला पाहिजे. तो हलला की यंत्रावरचा कागद तुटतो, आणि कागद तुटला की मामा कोणाला तरी तोडत.

कारण या माणसाच्या नाकावर राग बसलेला नसे. राग तिथे बिऱ्हाड करून राहिला होता. उपाहारगृहात मामा शिरले की चालक आधी स्टुलं आत घेई. एकदा कोणी तरी चहा गार आहे म्हणालं, चहा मामांचा नव्हता, तरी त्या माणसाचे पुढचे दोन दात मी कपात शोधले. बॉयलरवाल्याशी तर त्यांचं जुनं युद्ध होतं. वाफेचा दाब पडला की जनरेटर मंदावे, काटा पडे, आणि मामा चाक सोडून जाऊ शकत नसल्यामुळे वाफेच्या पाइपवर हातोडा हाणून शिव्या पाठवत. पलीकडून बॉयलरवाला फावड्यानं उत्तर देई. पाळी संपली की दोघं फाटकाशी भेटत आणि बाकी राहिलेलं समोरासमोर पुरं करत. मग दोघंही माझ्याकडे येत. एकाच बाकावर बसत. मी एकाची भुवई शिवायला पाठवी, दुसऱ्याच्या बरगडीला पट्टा बांधी.

"याला टिंक्चर जास्त लाव," मामा म्हणत. "चुरचुरलं पाहिजे."

"माझ्या बरगडीपेक्षा तुझी बोटं जास्त सुजलीत," बॉयलरवाला म्हणे. "म्हातारा झालास."

आणि तेच हात चाकावर आले की बाळाच्या टाळूवर तेल जिरवावं तसे फिरत. लगद्याच्या खात्यातला माणूस मोटरच्या बटनापर्यंत पोचायच्या आधी, त्याच्या चपलेच्या आवाजावरून, मामांचा हात हलायला लागलेला असे. एकदा मीटरवरचा दिवा गेला. काटा दिसेना. मामांनी हात होता तिथे गोठवला आणि मी दुसरा दिवा आणेपर्यंत श्वाससुद्धा बेतानं घेतला. "दिसेनासं झालं की हात हलवायचा नाही," ते मला म्हणाले. "हा या कामातला पहिला नियम. आंधळ्यानं चाक फिरवलं की कारखाना जळतो."

हा नियम त्यांनी घरी कधी नेला नाही. मामी लवकर गेल्या होत्या. एक मुलगा, एक मुलगी. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा होता तेव्हा जेवताना त्यानं काही तरी उलट उत्तर दिलं. काय ते मामांनाही नंतर आठवेना. त्यांनी बसायची खुर्ची उचलून त्याच्या खांद्यावर मोडली. मला बोलवायला धाकटी आली होती, अनवाणी. मी गेलो तर मुलाचं गळ्याजवळचं हाड कातडीखाली उचललेलं दिसत होतं, आणि भिंतीवर वरणाचा फराटा होता. मी हात गळ्यात बांधून दिला. तो तसाच, बांधल्या हातानं, गाडीत बसून निघून गेला. पुन्हा आला नाही. मामा त्या दिवशी ठरल्या वेळी पाळीवर आले आणि काटा लाल रेघेवरून केसभर हलला नाही. मला ते बघून जे वाटलं ते हसण्यासारखं नव्हतं.

मुलगी राहिली. मोठी झाली, शिवणकामाचे वर्ग घेऊ लागली, आणि एक दिवस तिनं लग्न ठरवून मुलाला घरी आणलं. मुलगा वीजयंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत जोडणीचं काम करणारा. अंगानं काडीसारखा, आवाज असा की फोनवर बोलला तर लोकांना वाटे लाइन गेली. सोबत त्याचा काका होता. काका कशाला तरी मोठ्यानं हसला. मामांना वाटलं आपल्याला हसला. कपबशांसकट ट्रे उडाला. काकांचा ओठ फाटला, आणि मी, जो पाहुणा म्हणून गेलो होतो, खिशातून कापूस काढून कामाला लागलो. कापूस घेऊन मी नेहमीच जात असे त्या घरी.

पाहुणे गेल्यावर मुलगी काचा गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी याला का निवडलं माहीत आहे?"

"काय बघितलंस त्या तारेच्या तुकड्यात?"

"त्याला मारता येत नाही." तिनं काचा सुपलीत भरल्या. "दादा गेला तेव्हा मी लहान होते, म्हणून राहिले. आता सांगून ठेवते. हात उगारणारा माणूस मला नको. बाप असो, नवरा असो. यापुढे एकदा जरी तुमच्यामुळे कोणाचं रक्त आलं तर मी या उंबऱ्याच्या आत येणार नाही. काका साक्षीदार आहेत."

ते काका म्हणजे मी. मी ओठाच्या रक्तानं भरलेला कापूस हातात घेऊन मान डोलावली.  पोरीचा बोलण्याचा ढंग हुबेहूब मामांचाच होता, आणि तो त्यांना चांगला ओळखता येत होता.

लग्न पार पडलं, आणि त्यानंतरचा काळ कारखान्यातल्या लोकांनी सुखात घालवला. मामांनी हात आवरला. म्हणजे हात शिवशिवायचेच, पण ते खिशात कोंबत. सगळ्या पँटींचे खिसे फाटले. दातात पंचा धरत. उपाहारगृहवाल्यानं स्टुलं बाहेर ठेवायला सुरुवात केली. बॉयलरवाला तर चेकाळलाच. फाटकाशी उभा राहून म्हणे, "काय मामा, आज मारणार नाही? बरं नाही वाटत का?" मामा कपाळाची शीर फुगवून त्याच्यासमोरून निघून जात. मुलगी दर आठवड्याला माहेरी येई, स्वतःच्या हातानं स्वयंपाक करी, आणि मामा जेवताना खुर्चीला धरून बसत.

अशा वेळी साहेबांनी ऑटोमॅटिक रेग्युलेटर घेतला. कपाटाएवढी राखाडी पेटी. व्होल्टेज पडलं की आपणहून एक्सायटरला जोर देणार, चढलं की आपणहून कमी करणार. माणसाला चाक धरून उभं राहायला नको. आणि ती पेटी बसवायला कंपनीनं पाठवला तो नेमका जावई.

सगळा कारखाना वीजघराच्या दारात जमला. लोकांना रक्त बघायचं होतं. मी कापूस वाढवून आणला.

"मामा," जावई म्हणाला, "जरा बाजूला होता का?"

"व्हा म्हणा जावईबापू, व्हा म्हणा. इतकी वर्षं उभा होतो, कोणी खुर्ची दिली नाही. आता तुम्ही आलात, बसायला सांगताय." मामांनी खिशात हात कोंबले. खिसा उसवल्याचा आवाज आला.

जावयानं चाकाच्या तारा सोडल्या. चाक जागेवर राहिलं, पण आता ते कशालाच जोडलेलं नव्हतं. सासरा मागे उभा होता, तरी काम स्वच्छ होतं.

"हे बघतं कशानं?" मामांनी विचारलं. "डोळे तर दिसत नाहीत."

"या दोन बारीक तारा आहेत ना, त्यातून त्याला व्होल्टेज कळतं. त्यांना हा छोटा फ्यूज."

"अस्सं," मामा म्हणाले, आणि स्टुलावर जाऊन बसले.

पुढच्या सकाळी साहेब, त्यांचे पाहुणे, खातेप्रमुख, सगळे पेटीचा चमत्कार बघायला आले. लगद्याची मोठी मोटर सुरू झाली. काटा जरासा दबला आणि आपणहून लाल रेघेवर परत आला. टाळ्या पडल्या. मामांचा चेहरा मी बघितला. घरातून बाहेर काढलेला माणूस खिडकीतून आत बघतो तसा होता. ते उठले, पाहुण्यांना वाट देण्याच्या मिषानं पेटीमागे गेले, आणि तो छोटा फ्यूज उपटून खिशात टाकला.

त्यांचा हिशेब साधा होता. पेटीचे डोळे गेले की पेटी थांबेल. मीटरवरचा दिवा गेला तेव्हा त्यांचा हात थांबला होता तशी. मग पुढची मोटर सुरू झाली की काटा पडेल, पेटी गप्प बसेल, साहेब इकडेतिकडे बघतील, आणि कोणी तरी म्हणेल, मामा, जरा चाक धरा. एवढंच ऐकायचं होतं त्यांना. चाक धरणाऱ्या माणसाच्या डोक्यात यापेक्षा वेगळं येणं शक्यच नव्हतं.

पेटी थांबली नाही. तिला काही दिसेना, म्हणजे तिच्या लेखी व्होल्टेज शून्य. तिनं अंगात होता नव्हता तेवढा जोर एक्सायटरमध्ये ओतला.

आधी दिवे पांढरे झाले. इतके पांढरे की साहेबांच्या पाहुण्याच्या तोंडातली सोन्याची दाढ दिसली. मग जनरेटरनं घुमायला सुरुवात केली, खालच्या सुरात, पायांतून पोटात चढणारी घूं. काटा लाल रेघ ओलांडून गेला, पाचशे ओलांडून गेला, खुंटीला जाऊन आपटला. आणि दिवे फुटायला लागले. एकामागून एक, दारापासून आतपर्यंत, फटाफट. लोकांच्या डोक्यावर तापलेली काच बरसली. साहेब पाहुण्याच्या पोटाखाली शिरले. एक्सायटरच्या कार्बन ब्रशांभोवती निळ्या ठिणग्यांचं कडं फिरू लागलं, एक ब्रश फुटून त्याचा तुकडा गोळीसारखा माझ्या औषधाच्या पेटीत घुसला. बाहेर कुठे तरी काही तरी मोठ्यानं फुटलं. कटिंग खात्यातून बायकांच्या किंकाळ्या आल्या.

मामांनी झेप घेतली ती चाकाकडे. दोन्ही हातांनी ते डावीकडे फिरवायला लागले. चाक भिंगरीसारखं फिरलं, कारण ते कशालाच जोडलेलं नव्हतं. मामांना ते माहीत होतं. त्यांच्या हातांना माहीत नव्हतं. ते फिरवत राहिले, ओरडत राहिले, "उतर, उतर," आणि त्यांच्या रुंद पाठीमागे, बरोबर झाकलेला, फील्डचा स्विच होता. तो पाडला असता तर चुंबकच मेला असता आणि सगळं थांबलं असतं.

"मामा, बाजूला व्हा," जावई ओरडला. त्या दिवशी कळलं की त्याला आवाज होता. "मामा, स्विच. सरका."

मामांना ऐकू जाईना. जावयानं त्यांचा दंड ओढला. भिंत ओढण्यासारखं होतं ते. मग त्या काडीसारख्या पोरानं हात मागे नेला आणि सगळं अंग त्यात घालून मामांच्या तोंडावर ठोसा मारला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला त्या गोंगाटातही ऐकू आला. माझे कान त्या आवाजाला सरावलेले होते. मामा हलले, पडले नाहीत. त्यानं त्याच हातानं पुन्हा मारला, कानाखाली. मामा झाडासारखे कोसळले. जावयानं त्यांच्या अंगावरून पाय टाकून स्विच ओढला. हातभर निळी ज्वाळा उठली आणि सगळं बंद झालं.

अंधुक झालं. छताच्या फुटक्या काचेतून येणारा तेवढाच उजेड. नाकातून रक्ताची धार मामांच्या शर्टावर पडत होती. ते कोपरावर उठले. त्यांचा उजवा हात आपोआप मुठीत वळला. मी ती मूठ ओळखत होतो. तिच्यामुळे माझी नोकरी टिकून होती. दारातली माणसं मागे सरली.

"मारा," जावई म्हणाला. त्याचा हात मनगटापासून वाकडा लटकत होता. "मारा मामा. मी मारलंय."

मामांनी मुठीकडे बघितलं. बऱ्याच वेळानं ती उघडली. विचारलं, "काटा कुठे आहे?"

"शून्यावर."

"ठीक आहे." मग खिशातून फ्यूज काढून त्याच्यापुढे धरला. "मला वाटलं, दिसलं नाही की थांबेल."

"नाही हो मामा. त्याला दिसलं नाही की तो आणखी जोर लावतो."

दारातून बॉयलरवाला म्हणाला, "म्हणजे अगदी मामांसारखाच की." कोणी हसलं नाही. तोही नाही.

कटिंग खात्यातल्या एका बाईच्या भुवईत काच गेली होती. आधी तिला बघितलं. मग सासरा-जावयाला त्या जुन्या बाकावर शेजारीशेजारी बसवून एकाच्या नाकात कापूस भरला, दुसऱ्याच्या हाताला फळी बांधली. कोणी तरी मुलीला बातमी पोचवली होती, एवढ्यात ती आली. दारातच थांबली. बापाचं तोंड बघितलं, नवऱ्याचा हात बघितला.

"कोणी मारलं?"

जावयानं तोंड उघडलं.

"मी," मामा कापसातून म्हणाले. "मी मारलं आधी. त्यानं हात आडवा धरला, त्यात त्याच्या हाताला लागलं."

"आणि तुमचं नाक?"

"पडलो."

जावई त्यांच्याकडे बघत राहिला. मामांनी डोळे असे वटारले की त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. मुलीला पुरावा नको होता. लहानपणापासून तिनं दुसरं काही बघितलंच नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मामांनीही माझ्याकडे बघितलं. मी फळीची गाठ पुन्हा बांधायला घेतली.

"काका साक्षीदार आहेत," ती म्हणाली, आणि नवऱ्याचा धड हात धरून त्याला घेऊन गेली. दारातून त्यानं वळून बघितलं तेव्हा मामांनी मारायला उगारतात तसा हात उगारला. तो घाईघाईनं गेला.

"खोटं का बोललात?" मी विचारलं.

"तिनं त्याला सोडला असता. बोलल्याप्रमाणे करते ती." मामांनी कापूस बदलून मागितला. "माझ्या नावावर एवढे दणके आहेत. त्यात एक न मारलेला."

फ्यूजची कबुली साहेबांपुढे त्यांनी स्वतःच दिली. कामावरून काढलं. घरी टीव्हीला जोडलेला जुना स्टॅबिलायझर होता, हातानं बटन फिरवायचा. मामा त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसत आणि बटनावर हात ठेवत. टीव्ही बघत नसत.

जावयाला ते खोटं पचलं नाही. फळी सुटायच्या आतच त्यानं बायकोला सगळं सांगून टाकलं. मी मामांकडे बसलो होतो तेव्हा ती आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आत ये, पोरी," मामा उठत म्हणाले.

"त्यानं मारलं ते मला कळलं."

"त्याचा दोष नाही. मी आडवा होतो. त्याला सोडू नकोस."

"त्याला मी सोडत नाही. त्यानं हात उगारला आणि घरी येऊन सांगितलं." ती थांबली. "त्या बाईच्या डोळ्याला आता कमी दिसतं, बाबा. काच जरा खाली गेली होती. फ्यूज कोणाच्या हातानं निघाला?"

मामांनी हात बटनावर ठेवला.

"मी म्हणाले होते, तुमच्यामुळे कोणाचं रक्त आलं तर." तिनं आणलेला डबा उंबऱ्यावर ठेवला आणि गेली. डबा दर आठवड्याला येत राहिला. तिथेच, उंबऱ्यावर.

पुढच्या थंडीत मामा न्यूमोनियानं गेले. रेग्युलेटरची पेटी दोन वर्षांत जळाली. कारखाना आता बाहेरची वीज घेतो, आणि वीजघरात रद्दी ठेवतात.